ज्योतीराम मिस्त्रीचे सहा प्लग

माणूस खोटं बोलला की मला आधी राग येतो, आणि तो अर्धंच खरं बोलला की जास्त राग येतो. मी शाळामास्तर आहे, हा आमच्या धंद्याचा रोग. पण ज्योतीराम मिस्त्रीने चाकणात दोन वर्षं सगळ्यांना अर्धंच खरं सांगितलं होतं, आणि त्याच्यावर मात्र मला रागावता आलं नाही.

तो मूळचा वाळव्याकडचा. लढाईच्या दिवसांत पोट भरायला देहूरोडला आला. "मिलिटरीच्या मोटार वर्कशॉपात नऊ वर्षं हुतो," एवढंच सांगायचा. कुणी खोदून विचारलं की बिडी पेटवायचा. चाकणच्या बबनरावांनी लिलावात लढाईतली एक पिकप गाडी घेतली, तेव्हा वर्कशॉपातला माणूस म्हणून त्याला गाडीवर ठेवलं. आपल्या अंगणातली, माझ्या भाड्याच्या खोलीशेजारची खोली त्याला दिली. रोज पहाटे वाटेवरच्या मळ्यांतून मटार, मेथी, कोथिंबीर गोळा करायची आणि मुंबईच्या गाडीला तळेगाव स्टेशनावर पोचवायची, हे त्याचं काम. 'मिस्त्री आहे' असं पाहूनच सासऱ्याने त्याला मुलगी दिली होती. ती सावित्रीबाई या गोष्टीच्या तीन महिने आधी नांदायला आली, आणि विहिरीवर बायका 'मिस्त्रीणबाई' म्हणाल्या की तिचा हंडा जरा जास्तच ताठ चालायचा.

चौपन्न सालच्या थंडीत गाडी हटून बसली. पहाटे ज्योतीराम हँडल मारायचा, मारायचा, खांदे भरून येईपर्यंत मारायचा. इंजिन एकदा खोकायचं आणि गप्प व्हायचं. मग इंजिनात ठिणगी पाडणारे सहाही प्लग काढायचे, त्यांच्यावरची काळीकुट्ट काजळी पॉलिश पेपरने घासायची, परत लावायचे, की गाडी चालू. चार दिवसांनी पुन्हा तेच. तसलेच नवे प्लग आणले, तरी आठवड्यात तेच. बॅटरी बदलून पाहिली. पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं. दहा माणसं, दहा तोंडं. कुणी लिंबू-मिरची बांधली. मी कार्बुरेटर साफ करायला सांगितलं. कार्बुरेटर कशाला म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, पण उथळ पाण्याला खळखळाट फार.

दोनदा तळेगावची गाडी चुकली. मेथीच्या जुड्या माना टाकून परत आल्या. बबनराव फार बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "बुधवारी गाडी येळंवर सुटली पायजे. न्हाई सुटली तर किल्ली दे आन् खोली सोड. पुन्याचा मिस्त्री यायला तयार हाय."

हा पुण्याचा मिस्त्रीच सगळ्या गोंधळाचं मूळ होता, की त्यावरचा उपाय होता, ते कुणालाच कळत नव्हतं. उन्हाळ्यात गाडीच्या तोंडातून वाफ निघायची. 'इंजिन तापतंय, थंड प्लग घाला,' असं म्हणून त्यानेच या जातीचे प्लग बसवले होते. त्याच आठवड्यात ज्योतीरामने पंख्याचा ढिला पट्टा ताणला, आणि वाफ थांबली. आता ती प्लगांनी थांबली की पट्ट्याने, कुणी सांगावं?

प्लगांच्या खोक्यात इंग्रजी छापलेला एक कागद होता. तो घेऊन ज्योतीराम माझ्याकडे आला. मी चष्मा पुसला आणि वाचलं, "तापणाऱ्या इंजिनाला थंड प्लग, थंड राहणाऱ्या इंजिनाला गरम प्लग."

"आपलं कंचं म्हनायचं, गुरुजी?"

"तूच सांग. मिस्त्री तू."

"सकाळी बर्फावानी असतंय. इंदुरीला पोचस्तोवर हात लावू देत न्हाई. मग सकाळी एक परकारचं घालायचं आन् इंदुरीला दुसरं?"

मी त्याच्यावर ओरडलो. मुलांवरही मी तेव्हाच ओरडतो, जेव्हा उत्तर मला येत नसतं. आम्ही तो कागद उभा धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. थंडाला गरम, गरमाला थंड, की गरमाला गरम? शेवटी मी चहा टाकायला उठलो.

रविवारची दुपार होती. लाकडं ओली होती. मी फुंकून फुंकून डोळे लाल केले आणि खोली धुराने भरून टाकली. ज्योतीरामला ते बघवेना. "सरा तुमी," म्हणाला. त्याने दोन लाकडं बाहेर ओढली, उरलेली जरा तिरपी करून खाली वारा खेळायला जागा ठेवली, आणि दोन मिनिटांत जाळ उभा राहिला. अशी चूल मी चांगल्या सुगरणीलाही लावताना पाहिलेली नाही. मी थट्टेने म्हणालो, "मिस्त्री, आचारी व्हायचंस तू." त्याचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं धूर लागला.

चहाचं पाणी उकळलं तरी तो चुलीपुढून हलेना. शेवटी त्याने खिशातून काजळी धरलेला एक प्लग काढला आणि चुलीच्या शेजारच्या वैलाजवळ धरला. वैल म्हणजे चुलीचं धाकटं तोंड. तिथे जाळ उडत उडत पोचतो, त्यावर आमटी गरम राहते, एवढंच.

"हितं बघा गुरुजी. चुलीत जाळ भडकतोय, तितली माती तांबडी, सोच्छ. आन् वैल काळाकुट्ट. जिथं धग कमी, तिथं काजळी. म्हंजी आपला प्लग तापतच न्हाई! तापला असता तर काजळी आपसूक जळून गेली असती."

"पण इंजिन तापतं ना?"

"कुठलं? हाताला चटका समद्याच इंजिनांचा बसतो, वाफ पट्ट्यापायी हुती. आपली गाडी खड्ड्यांतनं बैलाच्या चालीनं जाती, दर मळ्याला पाट्या घ्यायला थांबती. तिला गरम प्लग पायजे."

मला अर्धंच कळलं. पण तो जे बोलत होता त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता, आणि तसं मी त्याला प्रथमच पाहत होतो.

सोमवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मीही त्याच्याबरोबर देहूरोडच्या बाजारात गेलो. मिलिटरीचं जुनं सामान विकणाऱ्याकडे प्लगांचं एक खोकंच होतं. ज्योतीरामने आपला प्लग शेजारी धरून आधी आटे जुळवले, मग आट्यांची लांबी. "लांब झाला तर आत पिस्टनवर आपटंल," म्हणाला. तेवढं जुळलं की प्लग उजेडाकडे करून त्याच्या तोंडात पाहायचा. आतली पांढरी चिनीमाती आमच्या प्लगात आखूड होती. "आखूड असली की धग लगीच लोखंडात उतरती आन् टोक गार पडतं. लांब असली की टोक तापून ऱ्हातं." असे लांब जिभेचे सहा सारखे प्लग निवडायला त्याला तास लागला. मी पिशवी धरून उभा होतो आणि हे सगळं बरोबर आहे की आपण गाडीला आग लावणार आहोत, याचा विचार करत होतो.

मंगळवारी सकाळी बबनराव ओट्यावर बसले होते. त्यांनी प्लग पाहिले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्याच्या मिस्त्रीनं थंड घातलं, तू उलटं घालतूयास. इंजिन जळलं म्हंजी?" त्यांनी आत जाऊन देवघरातली खंडोबाच्या भंडाऱ्याची वाटी आणली. "वर्कशॉपात असंच करत्यात, एवढं भंडारा उचलून सांग. मग खुशाल घाल."

दारात बबनरावांची आई दुर्गाबाई उभी होती. हंडा घेऊन सावित्रीबाई नुकतीच आली होती. चिमूटभर भंडारा उचलून 'व्हय' म्हटलं असतं तर नोकरी, खोली, नाव, सगळं राहिलं असतं. ज्योतीरामचा हात वाटीपर्यंत गेला. मग त्याने तो मागे घेतला.

"वर्कशॉपात काय करत्यात ते मला ठावं न्हाई, मालक. मी तितं आचारी हुतो."

बबनराव म्हणाले, "म्हंजी तू खरंच लष्कराच्या भाकऱ्या भाजल्यास?" आणि अंगणात जमलेले लोक खो खो हसले. सावित्रीबाई हसली नाही.

ज्योतीराम खाली बघून सगळं बोलला. ड्रायव्हरांच्या ताटात मटणाची एक फोड जास्त वाढायची, बदल्यात ते गाडी चालवायला शिकवायचे. गावी गेला की लोक विचारायचे, लढाईत जाऊन भाकऱ्याच थापल्यास का? म्हणून इथे आल्यावर आचाऱ्याचं नावच काढलं नाही. मग त्याने चूल आणि वैलाची गोष्ट सांगितली. मला फार वाईट वाटलं, आणि मी नुसता चष्मा पुसत राहिलो याची आजही लाज वाटते.

"आचाऱ्याचं ऐकून इंजिन उघडू?" बबनराव कडाडले.

दुर्गाबाई पायरी उतरून आली. तिने जुना प्लग घेतला, काजळी अंगठ्यावर घासली, वास घेतला.

"बबन, तू चुलीम्होरं कधी बसलायस का? ही वैलावरची काजळी हाय. त्यो बरुबर बोलतुय."

"आये, ही मोटार हाय."

"आन् आत काय जळतंय? घालू दे त्याला."

आईपुढे बबनरावांचं चाललं नाही. प्लग बसले. गाडी लगेच चालू झाली, पण त्याने काही ठरत नव्हतं. नवे प्लग पहिल्या दिवशी चालतातच. आठवडाभर पाहायचं, असं बबनराव तुसडेपणाने म्हणाले, आणि पुण्याच्या मिस्त्रीला पुढच्या बुधवारी या, असा निरोप गेला. तो आठवडा सावित्रीबाई नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही. मिस्त्रीणबाई म्हणणाऱ्या बायका विहिरीवर आता तोंडाला पदर लावत होत्या.

पुढचा बुधवार उजाडला. धुक्यात समोरचा गोठा दिसत नव्हता, थंडी अशी की बोटं वळेनात. ज्योतीरामने हँडल घातलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं आणि एका सुरात चालत राहिलं. त्याने बॉनेटवर क्षणभर हात ठेवला आणि वळून सरळ खोलीत गेला. मी मागे गेलो. गाठोडं बांधून तयार होतं.

"चालू करून दिली, गुरुजी. किल्ली गाडीतच हाय. त्यांनी मिस्त्री ठेवला हुता. त्यो मी न्हवं."

कोपऱ्यातून सावित्रीबाई उठली. तिचे डोळे भरले होते. आठवडाभर साठवलेलं एकदम बाहेर आलं. "तीन म्हैनं मी ओल्या लाकडाचा धूर खातीया, भाकरी करपली म्हणून रडतीया, आन् तुमी नऊ वर्षांचं आचारी नुसतं बघत बसलायसा?"

ती खोटेपणावर चिडली होती की धुरावर, हे ज्योतीरामला कळेना, आणि मलाही.

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. बबनराव ड्रायव्हरच्या शेजारच्या जागेवर घोंगडी पांघरून बसले होते आणि थांबायचं नाव न घेता भोंगा दाबत होते. "आरं ए मिस्त्री! मटार काय मी डोक्यावर घिऊन जाऊ?"

सावित्रीबाईने त्याच्या हातातलं गाठोडं ओढून घेतलं.

"जावा," ती म्हणाली. "आन् आल्यावर चूल कशी लावत्यात, ते दावा मला."