जमनाबाईचा कागद

सुरतेहून आलेली गाडी नंदुरबारला थांबली आणि फलाटावर पाय ठेवताच मला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. गावाबाहेर मिरच्या वाळत घातल्या होत्या. "बाई, दोन दिनमा सवय व्हयी जाई," टांगेवाला हसून म्हणाला. माझा मुक्काम एकाच दिवसाचा होता.

आमचं पुण्याचं मंडळ कामगार बायकांसाठी वर्ग चालवी. त्याची परीक्षा घ्यायला मी आले होते. वर्ग जिनमध्येच (कापसातून सरकी काढायचा कारखाना) जेवणाच्या सुट्टीत भरे. बायकांच्या केसांत कापूस, एका हातात भाकरी-ठेचा, दुसऱ्या हातात पाटी. मलाही त्यांनी अर्धी भाकरी दिली.

जमनाबाई सगळ्यांत हुशार. पाठ केलं असेल म्हणून मी मुद्दाम न शिकवलेला धडा काढला, तोही तिने अडखळत वाचला. मी अगदी हरखून गेले. तेव्हा तिने कमरेच्या पिशवीतून एक घडी केलेला कागद काढला.

"मन्ही पोरना कागद शे हाऊ. याकरताच मी शिकाले बसनू. पन एक अक्षर येत नही. मन्हं काय चुकी ऱ्हायनं?"

कागद मोडी लिपीत होता. आम्ही शिकवली होती बालबोध, छापील पुस्तकांतली. वर्गाचे गुरुजी जिनच्याच पगारावर होते. ते खाली मान घालून कोरी पाटी पुसू लागले.

मला मोडी येत होती, वडिलांनी घरी शिकवलेली. मी कागद मोठ्याने वाचला. मुलगी सखू यंत्रात ओढली गेली ती स्वतःच्या हयगयीने. मालकाचा दोष नाही. आईची काही तक्रार नाही. खाली जमनाबाईचा अंगठा होता.

"कारकूननी ते सांगं, पोर मरनी इतलंच लिखेल शे," ती म्हणाली. मग तिने कागदावर बोट ठेवलं. "तुमनी शाळामा हाई अक्षर कोनले शिकाडतस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात भोंगा झाला. जमनाबाई उठली आणि सखूच्या यंत्रावर कामाला गेली.

पुण्याला परतल्यावर मी बैठकीत म्हटलं, या बायकांना मोडीही शिकवू या. अध्यक्षीणबाईंना नवल वाटलं. "त्यांना कशाला मोडी? त्यांचे कागद लिहायला कारकून असतात की!"

बालबोध पुरेशी आहे, असा ठराव झाला. त्याखाली माझीही सही आहे. मी ती वाचून केली.