ट्रिम म्हणजे कातरणं

कसबा पेठेत उभा जन्म शिंप्याची कात्री चालवलेल्या तात्यारावांना ‘ट्रिम’चा अर्थ कुणी शिकवायची गरज नव्हती. ट्रिम म्हणजे नको ते कातरून टाकणं. त्यामुळे त्या रविवारी वारज्याच्या घरी सून कल्याणी फोनवर नवऱ्याला ‘आज ड्राइव्ह ट्रिम करून टाकते’ म्हणाली, तेव्हा ते हातातला पेपर टाकून उठले.

त्या काडेपेटीएवढ्या एसएसडी ड्राइव्हमध्ये तात्यारावांचा जीव अडकला होता. बायको ललिता गेली, मागे राहिली ती त्यातली तिची भीमगीतं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलानं, रोहननं, आईला समोर बसवून ती रेकॉर्ड केली होती. तो दुसरी कॉपी काढू म्हणाला तर यांनी साफ उडवून लावलं. दहा हातांत गेलेली वस्तू आपली राहत नाही, असं त्यांचं मत. माणूस वाईट नव्हता, संशयी होता. गिऱ्हाइकाचं कापडसुद्धा त्याच्यादेखत दोनदा मोजून घ्यायचा.

एसएसडी नुसता कपाटात ठेवला तर त्यातलं पुसट होत जातं, अधूनमधून जोडावा लागतो, असं कल्याणी सांगे. तात्यारावांना ती थाप वाटे. पण कॉम्प्युटर चालवणार कोण? मांजराच्या हाती दुधाची राखण, असं मनात म्हणत ते तिच्या खुर्चीमागे उभे राहत.

कारण कातरण्यासारखं त्यात होतं. एका गाण्याच्या मध्येच थांबून ललितानं सुनेला चांगलं फैलावर घेतलं होतं, आणि ते तसंच रेकॉर्ड झालं होतं.

कल्याणीनं ड्राइव्ह डेस्कटॉपला जोडला. तिचं ट्रिम म्हणजे ड्राइव्हमधल्या आधीच पुसलेल्या जागेची साफसफाई; त्याआधी ती गाणी नव्या फोल्डरमध्ये हलवत होती. तात्यारावांना दिसलं ते एवढंच, की जुन्या फोल्डरमधली नावं एकेक करून नाहीशी होताहेत. त्यांनी वायर धरली आणि हिसडली.

‘‘बाबा, अहो, इजेक्ट केल्याशिवाय नसते काढायची,’’ कल्याणी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

पुन्हा जोडल्यावर कॉम्प्युटर फॉरमॅट करायचं का, एवढंच विचारू लागला. रोहननं पुष्कळ खटपट केली, शेवटी ड्राइव्ह दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदारानं ‘वायर होती, दोरखंड नव्हता’ असं ऐकवून, गाणी काही परत येणार नाहीत म्हणत तो परत दिला. तात्यारावांना जेवण जाईना. तरी खोड जाते थोडीच? तू आधीच त्यातलं काही काढून घेतलं असशील, असं ते सुनेला बोललेच.

‘‘घेतलंय,’’ ती म्हणाली. ‘‘एकच.’’

तिनं आपल्या फोनवर ते रेकॉर्डिंग लावलं. ललिताचा आवाज घरभर झाला: कल्याणी, ती भाकरी आहे का वीट? आणि चेहरा का उतरलाय तुझा, दोन दिवस बघतेय मी.

‘‘गाणी सगळ्यांसाठी होती, बाबा. एवढंच माझ्याशी बोलल्या होत्या.’’

तात्यारावांच्या डोळ्यांना धार लागली. आवाज संपला, तसं ते तिला म्हणाले, परत लाव.