वाक्य तुमच्या घरातलं हवं

"हा माणूस कोण? कुठल्या गावचा?" वहीवर पेन्सिल आपटत पाटणकर सर विचारायचे. इंग्रजी वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करायला दिला की सगळा वर्ग गाइडातली वाक्यं उतरवून आणायचा. त्यांत कुणीतरी अनोळखी माणूस परीक्षेसाठी जिवाचं रान करत असे. सरांचं त्या माणसाशी वैरच होतं. "वाक्य तुमच्या घरातलं आणा. ज्याला ओळखता त्याच्यावर लिहा," हा त्यांचा हेका.

साठीच्या दशकात, औंधच्या पूर्वेला दुष्काळी भागातल्या एका हायस्कुलात मी अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला होते. सर मूळचे सांगलीचे, कृष्णाकाठचे. आमच्याकडं पाणी भरताना त्यांचा जीव मेटाकुटीला येई, पण ते चिडत फक्त गाइडावर.

एकदा 'लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' आलं. एकही दगड उलथायचा ठेवायचा नाही, म्हणजे प्रयत्नांची शिकस्त करायची, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, "सर, आमच्या रानात दगडंच लय हायत. उलथला की इंचू निघतोय."

वर्ग हसला. सर मात्र खूश. "तेच लिही. जपून उलथ, पण उलथ."

'मेक बोथ एंड्स मीट' त्यांनी एका वाक्यात संपवलं. "आहे त्या मिळकतीत कसंबसं भागवणं. तुमच्या आया रोज करतात, त्यांच्यावर लिहा." त्या दिवशी वर्गात कुणीच हसलं नाही.

हेडमास्तरांना धास्ती वाटे. "पाठ करून घ्या, पाटणकर. स्वतःचं मोडकंतोडकं लिहून पोरं आपटतील." सर ऐकून घेत आणि आपलंच चालवत.

आम्ही मेंढपाळ धनगर. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी पश्चिमेला निघे. आजी होती तोवर मी तिच्याजवळ राहून शिकले. ती त्या पावसाळ्यात गेली, तेव्हा पोरगी आता कळपाबरोबर येईल असं आप्पांनी, माझ्या वडिलांनी ठरवलं. हे कळताच सर घरी आले. "तिला आमच्याकडं ठेवा. मार्चला परीक्षा आहे. ती पास होईल, माझा शब्द."

आप्पा म्हणाले, "तुमी शब्द देताय, तर ऱ्हाऊ द्या. न्हाई झाली पास, तर लगीन करून टाकनार."

तो हिवाळा मी सरांच्या घरी काढला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, जेवू घालत आणि सर वाक्यं तपासत. इतकं सुखाचं शिकणं मला पुन्हा लाभलं नाही.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजीत मी नापास. गाइड पाठ केलेले बहुतेक पास.

सर त्याच दिवशी चालत आमच्या वस्तीवर आले. आप्पा मेंढरांची लोकर कातरत होते. बसायला घोंगडं टाकलं, तरी सर बसेनात. "चूक माझी आहे, आप्पा. हेडमास्तर सांगत होते, मी ऐकलं नाही. माझ्या हट्टापायी पोरीचं नुकसान झालं. ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा असते, पण आता शब्द कुठल्या तोंडानं देऊ?"

मी दाराआड उभी होते. माझं शिक्षण संपलं, हे मी धरूनच चालले होते. सरांचा खाली गेलेला चेहरा मात्र मला बघवेना.

आप्पांनी कातर खाली ठेवली. "मास्तर, आदी बसा. वाटंत एखादं कोकरू मागं ऱ्हातंय. दमलं म्हनून कुनी टाकून जातंय व्हय? खांद्यावर घ्यायचं आन् चालायचं. एवढं दिस तुमी घेतलंय, आनी थोडं घ्या."

सर मटकन घोंगड्यावर बसले.

ऑक्टोबरला मी पास झाले आणि पुढं मास्तरीण झाले. सर सांगलीला परतले, काही वर्षांनी तिथंच वारले. तेव्हा कळप कराडच्या पुढं होता. आप्पांनी तो भावावर सोपवला आणि मिळेल त्या गाडीनं सांगली गाठली. मी पोचले तेव्हा ते सरांच्या ओसरीवर ओक्साबोक्शी रडत होते, आणि काकू त्यांच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या धरून उभ्या होत्या.