बॅटरी याडीची वीज

मी लग्न होऊन दिग्रसजवळच्या तांड्यात आले, तेव्हा तिथे चहाच्या आधी छतावर चढणारी एकच बाई होती, आमची शेजारीण. शिडी लावून ती वर जायची, ओढणीच्या ओल्या टोकाने सोलरच्या पाट्या पुसायची आणि मगच कोणाशी बोलायची. याडी म्हणजे आमच्या बंजारा बोलीत आई. वीज साठवायची तिची हौस बघून सगळा तांडा तिला बॅटरी याडी म्हणायचा.

तिच्याकडे सोलर होतं, गोबरगॅसवर चालणारं जनरेटर होतं आणि अंगणातल्या खांबावर लहानशी पवनचक्की होती. सुनांबद्दल सांगावं तसं ती या तिघांबद्दल सांगायची. "सोलर गुणाची हाय. आवाज नाही, धूर नाही. पण आभाळ आलं का रुसते. अन् तिची बॅटरी म्हातारी झाली का ते जहर फेकावं कुठं?" गोबरगॅस कष्टाळू, पण रोज शेणपाणी मागणारा आणि थंडीत सुस्तावणारा. पवनचक्की एरवी झोपून असायची. आषाढात आभाळ भरून सोलर रुसलं, की नेमकी तेव्हा फिरायची.

तिची घरघर शेजारच्या रामा नाईकांना सहन होत नसे. "याडी, तुही चक्की मले झोपू देत नाही," ते एकदा येऊन म्हणाले. मला वाटलं, आता भांडण होणार. याडीने दोर आणून पाती बांधून टाकली. "त्याचंही खरं हाय," ती मला म्हणाली. "वीज माह्या घरी अन् आवाज त्याच्या घरी, हे कसं जमन?"

पुढे नाईकांची फुप्फुसं थकली आणि घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. त्याच पावसाळ्यात वादळाने विजेचे खांब आडवे झाले, नाल्याचं पाणी रस्त्यावर चढलं. मशीन बंद पडलं तशी त्यांची सून धावत आली. याडीने आपल्या बॅटरीवरून त्यांच्या घरात वायर ओढली. आभाळ गच्च, त्यामुळे दुपार उतरताच बॅटरी बसायला लागली. मग जनरेटर सुरू केलं. मी शेणाची पाटी घेऊन धावले, तर ती हसली. "आजच्या शेणाचा गॅस आज नाही होत, बाई. हाय तेवढा पुरवू." तिने स्वयंपाकाकडे जाणारा गोबरगॅस बंद केला. त्या दिवशी तिच्या आणि नाईकांच्या, दोन्ही घरांच्या भाकरी माझ्या चुलीवर झाल्या.

तरी गॅस पुरेल याची खात्री नव्हती. याडी नाईकांच्या खाटेशी गेली. "नाईक, चक्की सोडू का? आवाज होईन."

नाकात नळी असलेल्या नाईकांनी तिच्याकडे पाहिलं. "सोड," ते म्हणाले.

रात्रभर चक्की फिरली आणि मशीन चालू राहिलं. सकाळी पाणी ओसरलं आणि त्यांना जीपमधून दिग्रसला दवाखान्यात नेलं. बरे होऊन आल्यावर त्यांनी चक्की पुन्हा बांधू दिली नाही. "आता चक्की थांबली का मले जाग येते," म्हणायचे.

याडी गेल्या हिवाळ्यात गेली. मी आणि नवरा आता दिग्रसला सोलरचं दुकान चालवतो. गिऱ्हाईक आलं, की ही वीज कधी बंद पडते, तिचा त्रास कोणाला होतो आणि बॅटरी संपल्यावर ती कुठे द्यायची, हे मी आधी सांगते. नवरा कपाळाला हात लावतो. काही गिऱ्हाईकं उठून जातातही. जी थांबतात, त्यांच्या छतावर पहिल्यांदा मीच चढते.