काऊचा घास

इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी खुर्च्या भरपूर मांडल्या होत्या. आल्या तिघी, माझ्याच हॉस्पिटलातल्या, मुलांच्या वॉर्डातल्या नर्स. बिनपगारी रजा काढून मी परदेशात नर्स म्हणून काम करून आले होते. तिथल्या कुपोषित मुलांच्या वॉर्डात माझी जागा आता रिकामी होती आणि मला पुन्हा रजा मिळणार नव्हती. या तिघींपैकी एकीने तरी माझ्या जागी जावं, एवढंच मला हवं होतं.

या सभेचं पत्रक मीच लिहिलं होतं. वडील युनियनचे, त्यामुळे आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. ओल्या शाईच्या वासाचे गठ्ठे मांडीवर घेऊन मी घड्या घालायचे. 'वाटून खा' ही ओळ सगळ्यांत ठळक असायची. मला ती तेव्हाही खरी वाटायची, आजही वाटते.

पण त्या दिवशी मी पत्रक वाचलं नाही. तिथल्या एका मुलीबद्दल सांगितलं.

दोन वर्षांची पोर, पण उचलली तर तान्ह्या बाळाएवढी. पाकिटातली शेंगदाण्याची दाट पेस्ट तिला भरवायची होती आणि ती ओठ घट्ट मिटून बसायची. तोंडाने खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागणार होती. मग लहानपणी आईने मला भरवलं तसं मी तिला भरवायला घेतलं. खिडकीकडे बोट केलं. हा घास काऊचा, हा चिऊचा. मुलीने तिकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

मी काय बोलतेय, असं तिच्या आईने तिथल्या मदतनिसाला विचारलं. मी त्याला इंग्रजीत अर्थ सांगितला. त्याने तो तिला सांगितल्याबरोबर तिने पोरीला माझ्या मांडीवरून ओढून घेतलं आणि पाकिटावर हात ठेवला. "हे तिचं आहे. पाखरांना यातलं काही मिळणार नाही."

मग ती स्वतः भरवायला लागली. बोटावरच्या प्रत्येक घासाला एकच शब्द. त्याचा अर्थ मी नंतर विचारला. 'तुझा.' पोर सगळं पाकीट खाऊन झोपली. नळी लागली नाही.

तिघींतली वयाने मोठी हसायला लागली. "अगं, मग सांगायचंस ना तिला! काऊला कुठे खरंच देतो आपण? नाव त्याचं, घास आपल्याच पोराचा!"

तिघी हसल्या. मला हसू आलं नाही. इतकी पत्रकं वाचली, पण आपलं वागणं इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलं नव्हतं.

"तेच तर करतोय ना आपण, ताई? नाव उपाश्यांचं घ्यायचं आणि घास घरातच ठेवायचा."

"झालं हिचं भाषण सुरू," दुसरी म्हणाली. "आणि इथे जवळ काशीगावात नाहीत का उपाशी पोरं? एवढ्या लांब कशाला जायचं?"

"चल, उद्या काशीगावात जाऊ. येतेस?"

ती मोबाइल बघायला लागली.

एकीच्या मुलाची दहावी होती. एकीच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. तिसरीला नवरा पाठवणार नव्हता. सगळं खरं होतं, त्यामुळे धड रागावताही येईना. त्यांनी खुर्च्या उचलायला मदत केली, पत्रकं पर्समध्ये टाकली आणि रिक्षाने गेल्या. मी पंखे बंद केले.

घरी आई माझ्या भाचीला खिडकीशी बसवून वरणभात भरवत होती.

"झालं का कुणी तयार?"

"नाही. नोकरी सोडतेय मी. मीच जाते."

 आई भात कालवत राहिली.

"हा घास काऊचा. हा चिऊचा." तिसरा घास तिच्या बोटांत जरा थांबला. "हा आत्याचा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली आणि तो भाचीच्या तोंडात घातला.

घास चावत भाची मला शोधायला खिडकीबाहेर बघू लागली. मी तिच्या मागेच उभी होते.