खडखडाट थांबला तो दिवस

आमची पिकअप चारही चाकांनी ओढणारी. आमचे मालक फौजेतली ड्रायव्हरकी संपवून गावी आले तेव्हा घेतलेली. कुंडलच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतायचे, ही निघायची. गेल्या हंगामात मात्र डांबरीवर वेग धरला की पुढून खडखड, आणि स्टेअरिंग थरथर कापायचं. थोरला लेक म्हणाला, "आप्पा, आता इका ही."

त्यांना विकायची नव्हती. दोष किरकोळ आहे एवढं दाखवलं की पोरगा ऐकेल, असं त्यांना वाटायचं. पण अवजड गाड्या हाकून त्यांचे कान गेलेले. थरथर त्यांच्या हाताला कळायची, आवाज ऐकायला मी, त्यांची बायको.

सांगलीच्या रस्त्याला निघालो. गिअर काढून त्यांनी गाडी नुसती पळू दिली. "आता गं?"

"हायच की!"

"म्हंजे इंजनाचा न्हाई." मग उजवीकडं, डावीकडं वळवली. "आता?"

"तसाच. आवं, रस्त्याकडं बघा, माझ्या तोंडाकडं काय बघताय!"

"लगीन झाल्यापास्नं सवड कवा मिळाली?"

वळणावर आवाज बदलत नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंग नसावं, म्हणाले. खाली उतरून पुढच्या चाकांमधली कुलपं हातानं फिरवून सोडली. ती लावल्यावरच पुढची चाकं ओढायला लागतात. आमच्याकडं रानात शिरताना लावायची, आणि पुन्हा चिखलात हात कोण घालतंय म्हणून हंगामभर तशीच ठेवायची. सोडून पुन्हा पळवली, तर आवाज गप्प! पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा डांबरीवरही उगाच फिरत राहिलेला, त्याचा सांधा ग्रीसवाचून वाळलेला. सांगलीत नवा सांधा घेऊन त्यांनी स्वतः बदलला. मग कुलपं लावूनही गाडी शांत.

हसत घरी आलो, तर दारात गिऱ्हाईक. थोरल्यानं शब्द देऊन ठेवलेला. "आवाज लय असंल तर न्हाई घेत," एवढीच त्या माणसाची अट. चक्कर मारून आला न् म्हणाला, "आवाज हाय कुटं? नेतो की."

पोराचा शब्द बापानं कसा मोडायचा? मालकांनी उलट त्याला कुलपं कशी सोडायची ते दाखवलं.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "जरा खडखडू द्यायची हुती."

"आजारी गाडी कुनाच्या गळ्यात मारू व्हय?" म्हणाले, आणि हाताचं ग्रीस पुसत बसले.

अजून रस्त्यानं तसली पिकअप गेली की माझ्याकडं बघतात. "आपली व्हय गं?"

काय सांगू? तिचा आवाजच आम्ही काढून टाकलेला. ओळखू कशी?