कोनशिलेवरचं नाव

जालन्याच्या मस्तगडात, भांड्यांच्या एका दुकानावर, मिथुन खरातचं ऑफिस आहे. दारावर 'वास्तुविशारद' अशी पाटी आहे आणि आत जे चालतं त्याचा त्या पाटीशी फारसा संबंध नाही. लोक येतात ते मंजुरीच्या नकाशापुरते. सही, शिक्का, चला. पुढे घर बांधतो ठेकेदार, आणि ते होतं शेजाऱ्याच्या घरासारखं, फक्त एक मजला जास्त. सात वर्षांत मिथुनने काढलेलं एकही घर त्याने काढलं तसं उभं राहिलं नाही.

एकदा सर्जेराव नावाचे व्यापारी बंगल्याचं काम घेऊन आले. दोन तास बसले, चहा झाला, वारा कुठून, ऊन कुठून, यावर मान डोलावली. उठता उठता विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मिथुनने सांगितलं. "वा वा," म्हणाले, आणि पुन्हा फिरकले नाहीत.

म्हणून मिथुन स्पर्धांत उतरायचा. तरुणांनी स्पर्धेत का उतरावं याची मोठमोठी कारणं कॉलेजात सांगतात. असतील खरी. मिथुनचं कारण साधं होतं. तिथे नकाशावर कुणाचंच नाव टाकायचं नसतं, फक्त नोंदणी क्रमांक. परीक्षकांना भिंत दिसते, खिडकी दिसते, आडनाव दिसत नाही. अकरा स्पर्धा तो हरला होता, पण ते हरणं त्याला सर्जेरावांच्या 'वा वा'पेक्षा बरं वाटायचं.

बारावी स्पर्धा बदनापूरची निघाली. एका संस्थेला तिथे मुलांसाठी अभ्यासिका बांधायची होती, आणि जो पहिला येईल त्याची इमारत खरोखर उभी राहणार होती. मिथुन त्याच दिवशी केदारखेड्याला वडिलांकडे गेला. अप्पारावांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. धुळीने छाती पार कामातून गेलेली. खाटेवरून दारापर्यंत आले तरी दम लागायचा.

"बदनापुरात? मंग मी येतो," ते म्हणाले. "वर चढणार न्हाई, बिलकुल न्हाई. भिंत सरळ चालली का, खालून बघीन फक्त."

डॉक्टरांनी वर्षाचाही भरवसा दिलेला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"पण बसायची जागा कुठं धरली?"

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. घर अर्धवट असताना दुपारी कामगार भाकर खायला जिथे बसतात, तीच त्या घरातली सगळ्यात चांगली जागा, असं अप्पाराव म्हणत. तिथे सावली असते, वारा असतो. आणि मालक नेमकी तिथेच अडगळीची खोली काढतो. वास्तुकला म्हणजे काय, याच्या ज्या व्याख्या मिथुनने पाच वर्षं घोकल्या त्यांत याहून बरी एकही नव्हती. त्याने अख्खी अभ्यासिका अशा एका जागेभोवती रचली. महिनाभर दर रविवारी तो कागद घेऊन गावी जायचा आणि अप्पाराव खाटेवरून भिंती सरकवायचे.

शेवटच्या चित्रात दाराशेजारी कोनशिला होती. अप्पारावांनी अशा कितीतरी बसवल्या होत्या. त्यांवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव, अध्यक्षांचं नाव, ठेकेदाराचं नाव. मिथुनने स्वतःचं नाव सगळीकडून काढलं होतं, तीनदा तपासलं होतं. आणि या कोनशिलेवर त्याने बारीक अक्षरांत लिहिलं, 'गवंडी अप्पाराव खरात, केदारखेडा'. वडिलांना ती अक्षरं मोठी करून दाखवली. ते बराच वेळ बघत बसले.

हे नाव नियमात बसत नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कसं येणार? गवंड्याचं नाव कुणी वाचतं, याचा त्या घरात कुणालाच अनुभव नव्हता.

निकालाचं पत्र मार्चमध्ये आलं. परीक्षकांनी त्याचं काम सगळ्यात वर ठेवलं होतं. मात्र चित्रात व्यक्तीचं नाव आढळल्यामुळे, आणि ते अर्जातल्या वडिलांच्या नावाशी जुळत असल्यामुळे, प्रवेशिका बाद केली होती. मिथुनला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. तो काढायचा कुणावर? नियम बरोबरच होता. याच नियमाच्या भरवशावर तर तो आला होता.

गावी जाऊन 'नंबर लागला नाही' एवढंच सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण बापापुढे त्याला खोटं जमेना, सगळं सांगून बसला.

"माझ्या नावापायी?" अप्पारावांनी विचारलं.

मिथुनने मानेनेच हो म्हटलं.

"मंग पुसून टाक की लेका. पुसून जल्दी परत धाड. माझ्या नावाला कोण विचारून राह्यलंय?"

मुदत कधीच संपली होती, दुसऱ्याचं नाव जाहीर झालं होतं. हे सांगायला मिथुनची जीभ उचलेना. त्याने लॅपटॉप उघडला. अप्पाराव खाटेवरून सरकत जवळ आले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने आधी गाव पुसलं, मग आडनाव, मग अप्पाराव.

"आता धाड," ते म्हणाले.

मिथुनने कुठलंतरी बटण दाबलं.